शिकागोतली दिवाळी आणि एकशे आठ वर्षांची वाट

सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा वाटलं होतं, नायगारा, न्यूयॉर्क, चार मॉल आणि जिभेला लागलेली कुलपं एवढंच वाट्याला येणार. पण २०१६ साली आमची दिवाळी आणि तिकडचा बेसबॉलचा अंतिम संग्राम, म्हणजे वर्ल्ड सिरीज, एकाच आठवड्यात आले. रोज रात्री वहीत चार ओळी लिहीत होतो. त्यावरूनच हे उतरवतोय.

आधी नावाचं मिटवतो. शिकागोच्या संघाचं नाव तिथले लोक 'कब्ज' असंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही पदर तोंडाला लावून हसत सुटली. जावई म्हणाला, "आई, १९०८ पासून एकही विजेतेपद नाही. नाव अगदी बरोबर आहे." तरी मी सभ्यपणे 'कब्स' लिहितो.

२५ सप्टेंबर, रविवार : ओळख

पहिला सामना जावयाने दाखवला. रिगली फील्ड हे मैदान १९१४ सालचं. चहूबाजूंनी दाट वस्ती, आणि रस्त्यापलीकडच्या घरांनी गच्चीवर पायऱ्या बांधून स्वतःचीच गॅलरी केलेली. मागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली आयव्हीची वेल आहे. चेंडू तिच्यात अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि मारणाऱ्याला दोन बेस मिळतात (बेस म्हणजे धावेच्या वाटेवरचे टप्पे, तिन्ही ओलांडून 'घरी', म्हणजे सुरुवातीच्या जागी, परतलं की एक धाव). आमच्या गल्लीत चेंडू जोश्यांच्या अंगणात गेला की दोन धावा असायच्या, तसलाच नियम. धावफलक अजून हाताने बदलतात. दिवे तर १९८८ साली आले, तोवर इथे फक्त दुपारी खेळायचे.

खेळ नातवाने समजावला. वय वर्षं नऊ, शिकवण्याची पद्धत माझ्यापेक्षा कडक. "आजोबा, मागे मारायचं नाही. फाऊल." म्हणजे आपला लेट कट, ग्लान्स, सगळं वाया. चेंडूचा टप्पा पडत नाही, फुलटॉसवर फुलटॉस. हातात दांडका गोल. पहिला तासभर मला हे विटीदांडूचंच श्रीमंत भावंड वाटत होतं.

मग स्टंप नसलेला एक यष्टिरक्षक फलंदाजीला आला आणि एकजात सगळे उठून उभे राहिले. डेव्हिड रॉस, वय ३९, या मोसमानंतर निवृत्त होणार. संघातली पोरं त्याला 'ग्रँडपा रॉसी' म्हणत. नियमित मोसमातला घरच्या मैदानावरचा त्याचा हा शेवटचा सामना. त्यात त्याने होमरन मारला (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपला षटकारच म्हणा), आणि पुढे सातव्या डावात प्रशिक्षक जो मॅडनने त्याला मुद्दाम मध्येच बाहेर बोलावलं, लोकांना टाळ्या वाजवता याव्यात म्हणून. निवृत्तीच्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं होतं, पण मुख्याध्यापकांच्या भाषणात माझं आडनाव चुकलं होतं. मी रॉसच्या पार्टीत गेलो ते त्या क्षणापासून.

सामना ३-१ असा जिंकला. धावफलकावर पांढरा झेंडा चढला, त्यावर निळा डब्ल्यू. हरले तर निळा झेंडा, पांढरा एल. शेजारून एलची गाडी जाते (तिथल्या उन्नत रेल्वेला 'एल' म्हणतात), तिच्यातून घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून ही सोय.

कब्सने त्या मोसमात १६२ पैकी १०३ सामने जिंकले, ५८ हरले, आणि पिट्सबर्गच्या पावसात एक बरोबरीत सुटला. २२ ऑक्टोबरला त्यांनी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना हरवलं आणि १९४५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज गाठली. समोर क्लीव्हलँड. त्यांचं तेव्हाचं नाव 'इंडियन्स' (आता गार्डियन्स). नातवाचा प्रश्न तयार होता : "आजोबा, तुम्ही इंडियन ना? मग तिकडून?" ते आपले नव्हेत, तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावाने बेतलेले, हे सांगेपर्यंत तो पळालाही. खरं तर क्लीव्हलँडवाल्यांनीही १९४८ पासून काही जिंकलं नव्हतं. पण १०८ पुढे ६८ वर्षांची काय कथा!

२८ ऑक्टोबर, शुक्रवार : धनत्रयोदशी

सात सामन्यांत जो चार जिंकेल तो विजेता. पहिले दोन क्लीव्हलँडला होऊन १-१ झालेले. तिसरा रिगलीवर, तिथे ७१ वर्षांनी वर्ल्ड सिरीज. तिकिटांचे भाव हजारो डॉलरमध्ये, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता. नुसतं वातावरण बघू म्हणून जावई आणि मी निघालो.

क्लार्क आणि एडिसन रस्त्यांच्या नाक्यावर पाय ठेवायला जागा नाही. एका बारच्या दारात नुसतं आत शिरायचे शंभर डॉलर मागितले. साताऱ्यात तेवढ्यात वाढदिवस होतो. आम्ही खिडकीबाहेर उभे राहिलो. काचेतून टीव्ही निम्मा दिसत होता आणि उरलेला निम्मा शेजारची एक बाई मोठ्याने सांगत होती. तिच्या अंगात वडिलांचा जुना शर्ट होता, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. वारं मैदानातून बाहेरच्या दिशेने वाहत होतं. "आज धावांचा पाऊस," असं जो तो म्हणत होता. अख्ख्या सामन्यात धाव झाली एक, तीही क्लीव्हलँडची.

परतीच्या गाडीत एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं : रिगलीला मोटार नेऊ नका, पार्किंगचे पैसे तिकिटाएवढे होतील. उपनगरातून, म्हणजे आम्ही नेपरव्हिलहून, मेट्राने, म्हणजे तिथल्या लोकलने, युनियन स्टेशन. तिथून पंधरा मिनिटं चालून जॅक्सनला रेड लाइन पकडायची आणि एडिसनला उतरायचं. मैदान समोरच. एलसाठी व्हेंट्रा नावाचं प्रवासाचं कार्ड किंवा टेकवायचं बँकेचं कार्ड चालतं. तिकिटं एप्रिल-मेमधल्या आडवारच्या सामन्यांची त्यातल्या त्यात स्वस्त, पण मिशिगन तळ्यावरचं वारं तेव्हा हाडात शिरतं, स्वेटर हवाच. खाण्याचं म्हणाल तर हॉट डॉग, बर्गर यांत बहुतेक बीफ असतं, न विचारता घेऊ नका. आमच्यासारख्यांना भुईमुगाच्या शेंगा उत्तम. टरफलं खुशाल पायाखाली टाकतात, ही एकच गोष्ट मला अगदी घरच्यासारखी वाटली.

२९ ऑक्टोबर, शनिवार : नरकचतुर्दशी

पहाटे उठून उटणं, बाथटबात अभ्यंगस्नान. कारीट कुठून आणणार? जावयाने फ्रीजमधली ब्रसेल्स स्प्राउट काढून दिली, ती अंगठ्याखाली फुटता फुटेना. नरकासुर वाचला, आणि संध्याकाळी क्लीव्हलँडच्या रूपाने आला. ७-२ असा मार. त्यात तीन धावांचा होमरन मारणारा जेसन किपनिस शिकागोच्याच उपनगरात वाढलेला. घरचंच कार्टं. आता ३-१. आणखी एक हार, की संपलं.

३० ऑक्टोबर, रविवार : लक्ष्मीपूजन

सकाळी ही चकल्या तळायला बसली. भाजणी साताऱ्याहून आणलेली. तिसऱ्या घाण्याला धूर ओळखणारा भोंगा कोकलायला लागला. लेक टॉवेल हलवते आहे, नातू कानात बोटं घालून नाचतो आहे, आणि दारात शेजारचे आजोबा उभे : आग लागली का? त्यांना आत घेतलं, चकली दिली. एक खाल्ली, मग न विचारता तीन.

वय ८०. एकटे राहायचे, डोक्यावर उन्हाने विटलेली कब्सची टोपी. १९४५ साली ते नऊ वर्षांचे होते. त्यांच्याकडून बोकडाची गोष्ट कळली : बिली सियानिस नावाचा खानावळवाला तेव्हा आपला बोकड घेऊन सामन्याला आला, त्याला बाहेर काढलं, आणि त्याने शाप दिला. तेव्हापासून संघाने वर्ल्ड सिरीजचं तोंड पाहिलं नव्हतं. सियानिसची खानावळ अजून आहे, मिशिगन अॅव्हेन्यूच्या खालच्या रस्त्यावर. "तुमचा शापावर विश्वास आहे?" मी विचारलं. म्हणाले, "नाही. पण बोकडाला आत सोडायला हवं होतं."

मग खिशातून एक जुना चेंडू काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. कातडं पिवळं पडलेलं, लाल दोऱ्याची वीण जिथे बोटं लागतात तिथे काळी झालेली. "मोजा. टाके १०८." जोड टाके मोजायचे, म्हणजे १०८ भरतात. ही देवासमोर समया लावत होती. तिने काही न बोलता गोमुखीतून तुळशीची माळ काढून चेंडूशेजारी ठेवली. मी म्हाताऱ्यांना सांगितलं, हिच्यातही १०८ मणी. ते बराच वेळ माळेकडे बघत राहिले. मग मोठ्या मण्यावर बोट ठेवून, "आणि हा?" "मेरुमणी," ही सरळ मराठीतच म्हणाली, "तो ओलांडायचा नाही. इथून माळ फिरवायची." मी भाषांतर केलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

पूजा झाली, आरती झाली, आणि तबक खाली ठेवेस्तोवर टीव्ही लागला. चौथ्या डावात कब्सने तीन धावा काढल्या. त्यातली तिसरी रॉसमुळे : त्याने उंच मारलं, झेल गेला, तो बाद, पण झेल घेतला जाताच तिसऱ्या बेसवरचा झोब्रिस्ट घरी पळाला. स्वतः बाद होऊन दुसऱ्याची धाव करून द्यायची, याला तिथे सॅक्रिफाइस म्हणतात. ३-२ ने जिंकले. १९४५ नंतर रिगलीवरचा वर्ल्ड सिरीजमधला पहिला विजय.

३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर : पाडवा, भाऊबीज

पाडव्याला तिकडे हॅलोविन. हिला ओवाळायला बसवलं की बेल वाजे, दारात चेटकीण. पुन्हा बसवलं की सांगाडा. त्या वर्षी भुतांपेक्षा कब्सचेच खेळाडू जास्त आले. ही शंकरपाळी वाटायला निघाली होती, पण लेकीने अडवलं. घरचं उघडं खाणं तिथे कोणी मुलांना घेऊ देत नाही, वेष्टनातलीच गोळी हवी. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

भाऊबीजेला सहावा सामना. धाकटी नात नातवाला ओवाळत होती, याचे डोळे टीव्हीवर. तिन्ही बेस भरलेले असताना एडिसन रसेलने होमरन मारला, चार धावा एका फटक्यात, आणि पठ्ठ्या पाटावरून उडाला. निरांजन वाचलं, अक्षता गालिच्यावर. स्टेशन एडिसन, रस्ता एडिसन, मारणारा एडिसन. म्हटलं, योग दिसतोय. ९-३. मालिका ३-३.

२ नोव्हेंबर, बुधवार : सातवा सामना

शेजारच्या आजोबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्यांची एक खोड : टीव्हीचा आवाज बंद आणि समालोचन रेडिओवरचं. लहानपणापासूनची सवय. गंमत अशी की रेडिओ टीव्हीच्या पुढे असायचा. आधी रेडिओतून आरोळी यायची आणि काही सेकंदांनी तेच चित्र पडद्यावर घडायचं. विठोबाला तरी भक्ताचं भविष्य इतकं आधी कळत असेल का, कोण जाणे.

कब्सच्या फाउलरने सुरुवातच होमरनने केली. पाचव्या डावापर्यंत कब्स ५-१ पुढे. मग गोलंदाजीला लेस्टर आला आणि त्याच्याबरोबर चेंडू धरायला रॉस. आल्या आल्या रॉसची फेक चुकली. पुढे एक चेंडू टप्पा खाऊन त्याच्या मुखवट्यावर आदळला, लांब गेला, आणि तेवढ्यात दोघे घरी पळाले. ५-३. खोलीत कोणी काही बोलेना. आता तीन आजोबा होतो आम्ही, मी, शेजारचे आणि पडद्यावर गुडघ्यावर बसलेला तो, तिघांनाही मान वर करवत नव्हती.

पुढच्याच डावात रेडिओ ओरडला. पडद्यावर रॉस अजून बॅट खांद्यावर घेऊन उभा होता, आणि आम्हाला ठाऊक होतं की त्याने मारलाय! मग त्याने मारला. होमरन. कारकिर्दीतला शेवटचा सामना, आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होमरन मारणारा तो सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. मी उठून शेजाऱ्यांच्या पाठीवर थाप मारली. परक्या देशात असं चालतं का, हे नंतर आठवलं.

पण बेसबॉल संपतो म्हणता संपत नाही. आठव्या डावात क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसने चॅपमनच्या गोलंदाजीवर होमरन मारला, ६-६. राजाय! नाव आपल्याकडचंच वाटलं, म्हणून मला राग नीट येईना. नववा, म्हणजे एरवीचा शेवटचा, डाव बरोबरीतच संपला आणि पाऊस. मैदानावर ताडपत्री. म्हाताऱ्यांनी रेडिओ बंद केला. "आता जे व्हायचं ते डोळ्यांदेखत होऊ दे," असं काहीसं म्हणाले. ही कोपऱ्यात माळ घेऊन बसली होती.

पाऊस फक्त १७ मिनिटं थांबवून गेला. दहाव्या डावात श्वार्बरने सुरुवात केली. तो एप्रिलमध्ये गुडघा मोडून मोसमभर घरी बसला होता. झोब्रिस्टने डावीकडे मारलं, एक धाव. माँटेरोने दुसरी आणली. ८-६. उलट डावात त्याच राजायने एक धाव करून दिली. ८-७. मग एक हळू सरपटणारा चेंडू कब्सच्या ब्रायंटकडे गेला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, पण चेंडू हातात घेतानाच तो हसत होता. फेक रिझोकडे. संपलं. घड्याळात पावणेबारा.

बाहेर फटाके. आमच्या कॉलनीत, नोव्हेंबरात, मध्यरात्री. नातू विचारत होता, हे दिवाळीचे की कब्सचे. शेजारचे आजोबा खुर्चीतच होते. आम्ही निघताना म्हणाले, तुम्ही उद्या शहरात जाणार असाल तर एक काम कराल का?

३ नोव्हेंबर, गुरुवार : भिंत

रिगलीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने नावं लिहीत होते. बापाचं, आजीचं, काकाचं, जे हा दिवस बघायला उरले नाहीत त्यांचं. वेव्हलँड आणि शेफिल्ड रस्त्यांवरची भिंत गुलाबी, पिवळ्या, निळ्या अक्षरांनी भरून गेलेली. माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून लिहीत होती. एका बाईने वॉकर बाजूला ठेवला आणि तिच्या मुलाने तिचं मनगट धरून वर नेलं. कोणी कोणाला ओळखत नव्हतं आणि खडूचे तुकडे हातोहात फिरत होते.

आजोबांनी चिठ्ठीवर वडिलांचं नाव लिहून दिलं होतं. वडील जन्मले १९०९ साली. एका वर्षाने हुकले आणि मग जन्मभर हुकतच राहिले.

हात पोचेल तिथपर्यंत जागा नव्हती. खाली, फुटपाथला टेकून, तीन विटा मोकळ्या दिसल्या. मी मांडी घालून बसलो. चौतीस वर्षं खडू धरलेला हात. पण फळ्यावर खडू घसरतो, विटेवर तो झिजतो. प्रत्येक अक्षराला दोनदा गिरवावं लागत होतं, चुन्याच्या सांध्यात टोक मोडत होतं, मागून माणसं ओलांडून जात होती. आधी इंग्रजीत लिहिलं, मग उरलेल्या विटेवर मराठीत. ही म्हणाली, शिरोरेघ वाकडी आली. आली होती. फोटो काढला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार : मिरवणूक

सकाळची पहिली गाडी भरून पुढे गेली, दुसऱ्या गाडीत जावयाने मला अक्षरशः कोंबलं. दादर आठवलं. मिरवणूक रिगलीपासून तळ्याकाठच्या रस्त्याने मिशिगन अॅव्हेन्यूवर आणि तिथून ग्रँट पार्कला. उघड्या बसवर खेळाडू, नदीत निळा रंग सोडलेला, वरून नोव्हेंबरात न शोभणारं ऊन. शहराने ५० लाखांचा आकडा दिला. मोजले कोणी, हा मास्तरी प्रश्न मी विचारला नाही. पण पंढरपूर पाहिलेल्या माणसालाही गर्दी गर्दीच वाटली. रॉस दिसला, दोन सेकंद, बसच्या कठड्याला धरून. मी हात केला.

गर्दीच्या दिवशी जाणार असाल तर घरूनच खाऊन निघा, पाणी बरोबर ठेवा, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. आमचे फोन दुपारी तीन तास मुके होते.

५ नोव्हेंबर, शनिवार

निघायच्या आधी फोटोची छापील प्रत घेऊन शेजारी गेलो. म्हाताऱ्यांनी चष्मा बदलला. मराठी ओळीवरून बोट फिरवलं, मग इंग्रजी ओळीवर आले आणि थांबले. त्यांच्या आडनावात दोन एल लागोपाठ आहेत. मी एकच लिहिला होता. मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला, आणि ही चूक! कानशिलं तापली. म्हटलं, उद्या रविवार आहे, जातो आणि दुरुस्त करतो, खडू आहे खिशात.

त्यांनी फोटो फ्रीजवर चुंबकाने लावला.

"राहू दे," म्हणाले. "बाबांनी आयुष्यभर एलच पाहिले. एक कमी झाला तर बरंच."